लेकरू बोलत नाही असं वाटतंय? आधी कान, मग बाकीचं

मी सांगलीत हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही. पण आमच्या लेकीच्या बोलण्यापायी दोन वर्षं जी धावपळ झाली, तिच्यातलं निम्मं हेलपाटणं कुणीतरी आधी चार गोष्टी सांगितल्या असत्या तर वाचलं असतं. म्हणून हे लिहितोय.

दीड वर्षाची झाली तेव्हा ती तीनच शब्द बोलायची. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तू तरी कुठं बोलत होतास? तिसरं लागलं तवा तोंड उघडलंस." शेजारी, पाहुणे, अडतीवरचे हमाल, सगळ्यांचं एकच म्हणणं, बोलंल की, काय घाई हाय. आम्ही सात महिने थांबलो. सव्वादोन वर्षांची होत आली तेव्हा कळलं की तिच्या दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठलेलं होतं. आम्ही वाट बघत होतो ती तिच्या जिभेची, आणि घोटाळा होता कानात.

१. शब्द मोजायच्या आधी बाकीचं बघा

सगळे विचारतात, किती शब्द बोलते? आधी विचारायचं ते हे की तिला कळतं किती आणि शब्दांशिवाय ती सांगते किती.

मूल बोलायला लागतं त्याच्या कितीतरी आधी त्याचं 'बोलणं' सुरू झालेलं असतं. दीडदोन महिन्यांचं बाळ तुमच्या तोंडाकडे बघून हसतं. पुढे 'आऽ', 'ऊऽ' असे लांब स्वर काढतं, तुम्ही उत्तर दिलंत की थांबून ऐकतं आणि मग पुन्हा काढतं. आपली पाळी, तुझी पाळी हा संभाषणाचा पहिला धडा तिथे होतो. सहा महिन्यांच्या पुढे 'बाबाबा', 'ममम', 'दादादा' सुरू होतं. (बाप मंडळींनो, 'बाबाबा' म्हणजे तुम्ही नव्हे. आठ महिन्यांचं बाळ पंख्याकडे बघूनही 'बाबाबा' म्हणतं. मी पेढे वाटले होते, म्हणून सांगतो.)

नऊ महिन्यांच्या आसपास नावाने हाक मारली की मान वळते. वर्षाच्या अलीकडेपलीकडे टाटा करणं, 'उचलून घे' म्हणून हात वर करणं, 'नको' म्हणून मान हलवणं येतं. आणि मग येतं ते बोट. हवी ती वस्तू दाखवायला केलेलं बोट वेगळं आणि झाडावरचा कावळा नुसता तुम्हालाही दिसावा म्हणून केलेलं बोट वेगळं. दुसऱ्या प्रकारचं बोट जास्त मोलाचं. त्यात बाळ म्हणत असतं, 'बघ की, मला काय दिसलं!' तुमच्याशी वाटून घ्यायची ओढ त्याला आहे, हे त्यातून कळतं.

दीड वर्षाचं मूल फार बोलत नाही, पण 'चप्पल आण', 'आजीला दे' हे खुणा न करता सांगितलेलं कळतं, बोट दाखवतं, नजर मिळवतं, तर काळजी थोडी कमी. शब्दही नाहीत, बोटही नाही, हाकेला ओही नाही, तर एक दिवसही थांबू नका.

२. वयाचं गणित, पण हातचा धरून

खाली दिलंय ते बहुतेक मुलांचं. दोन मुलांत चार-पाच महिन्यांचा फरक सहज असतो. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेलं बाळ असेल तर दोन वर्षांपर्यंत वय मोजताना तेवढे आठवडे वजा करायचे. आमच्या ओळखीत एकीने हे केलं नाही आणि उगाच रात्री जागून काढल्या.

– साधारण १ वर्ष: पहिला अर्थ असलेला शब्द. दहाव्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत कधीही.
– दीड वर्ष: दहा-वीस शब्द. साध्या सूचना कळतात. विचारलं तर नाक, डोळे, कान दाखवतं.
– २ वर्षं: पन्नासच्या आसपास शब्द आणि दोन शब्दांची जोडी. 'आई ये', 'अजून मम्मम', 'बाबा भुर्र'. परक्या माणसाला निम्मंअर्धं कळतं.
– ३ वर्षं: तीन-चार शब्दांची वाक्यं, 'का?', 'कुठे?' यांचा भडिमार. परक्याला चारातलं तीन भाग तरी कळावं.
– ४ वर्षं: घडलेली गोष्ट सांगता येते. एखाददुसरं अक्षर बोबडं असलं तरी बोलणं बाहेरच्यालाही कळतं.

दोन वर्षांत पन्नास शब्दांपेक्षा त्या जोडीकडे जास्त लक्ष द्या. 'टाटा', 'जोजो', 'थँक्यू' पाठ असलेलं मूल वेगळं आणि दोन शब्द स्वतःहून चिकटवणारं वेगळं. 'काऊ गेला' हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

मराठीत पुढे एक गंमत असते. तिसऱ्या वर्षात मूल 'मी करलं' म्हणायला लागतं. हसून सोडून देऊ नका. कौतुक करा. 'बसलं', 'पळलं' ऐकून नियम त्याचा त्याने काढलेला असतो. 'केलं' हा अपवाद आपल्या भाषेचा, चूक पोराची नाही. लिंगांचा गोंधळही तसाच. घरात मुलगी एकटी आणि भोवती दादा लोक जास्त असले की ती 'मी आलो' म्हणते. ऐकून ऐकून सुटतं.

कोणत्याही वयात आलेले शब्द गेले, म्हणजे बोलत होतं आणि बंद झालं, तर या यादीत काय लिहिलंय ते बघत बसू नका. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

३. एक वही घाला

हे मला सुचलं ते धंद्याच्या सवयीने. अडतीवरची एक जुनी खतावणी अर्धी कोरी होती. तिच्यात चार रकाने आखले: तारीख, कसं म्हणाली, कशाला म्हणाली, कुणी ऐकलं. डॉक्टरांसमोर बसल्यावर 'किती शब्द बोलते?' असं विचारलं की आई म्हणते वीस, बाप म्हणतो पाच. वहीने तो वाद संपला.

शब्द कशाला धरायचा? त्याच वस्तूला दरवेळी तोच आवाज काढला तर तो शब्द. उच्चार मोडका असला तरी. भडंगाला 'बंग' म्हणायची, तो शब्द. 'भूभू', 'हम्मा', 'चिऊ' हे सगळे शब्दच. मागोमाग म्हणून दाखवलं पण स्वतःहून कधी म्हणाली नाही, तो अजून शब्द नव्हे. त्याच्यापुढे फुली मारायची.

माझी सासुरवाड जतकडची, तिथे निम्मं घर कानडी बोलतं. लेक हात पुढे करून 'बा, बा' म्हणायची आणि मी ते उगाचचे आवाज म्हणून सोडून द्यायचो. सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, अहो, ती 'ये' म्हणतेय! कानडीत 'बा' म्हणजे 'ये'. पाण्याला ती 'नीर' म्हणायची, तेही तिकडूनच. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींतले शब्द मिळून बेरीज करायची. आम्हाला एका शहाण्याने सांगितलं होतं की कानडी बंद करा, पोर गोंधळतंय. पुढे भेटलेल्या स्पीच थेरपिस्टबाईंनी ते साफ खोडून काढलं. दोन भाषांनी मूल मागे पडत नाही. उलट आजीने आपली भाषा सोडून मोडकं मराठी बोलायचं म्हटलं तर ती बोलणंच कमी करते, आणि तोटा होतो तो पोराचा.

वहीसोबत मोबाईलवर दोन-तीन लहान व्हिडिओ ठेवा. खेळताना, जेवताना, हाक मारताना. दवाखान्यात मूल एक तर रडतं नाही तर मुकं होतं.

४. आधी कान

हा मुद्दा मी सगळ्यांत लांब लिहिणार आहे.

आमची परीक्षा घेण्याची पद्धत काय होती? पाठीमागे ताट आपटायचं. दचकली की कान शाबूत. मिरजेला गेलो की सतारमेकर गल्लीत दुकानासमोर ती हटून उभी राहायची. आत कुणी तंबोरा जुळवत असला की डोळे मोठे करून ऐकायची. मी बायकोला म्हणायचो, एवढा तंबोरा ऐकते, तिच्या कानाला काय झालंय?

इथेच फसगत आहे. ऐकू येणं हे दिव्याच्या बटणासारखं चालू किंवा बंद नसतं. ताट, ढोल, तंबोऱ्याचा खर्ज हे मोठे किंवा जाड आवाज. स, श, फ ही अक्षरं बारीक आणि हळू आवाजाची. पडद्यामागे पाणी असलं की जग ऐकू येतं, पण कृष्णेत बुडी मारल्यावर काठावरची माणसं ऐकू येतात तसं. बोलतायत एवढं कळतं, काय बोलतायत ते निसटतं. वर हे पाणी कमीजास्त होतं. एका आठवड्यात हाकेला ओ देते, दुसऱ्या आठवड्यात नाही. आणि आपण म्हणतो, नाटकी आहे.

म्हणून बोलणं उशिरा वाटलं की पहिली चिठ्ठी कानाच्या तपासणीची. तीन नावं कानावर पडतील:

ओएई. कानात छोटी बोंडी घालतात, मिनिटांचं काम. जन्मल्यावर बऱ्याच ठिकाणी हीच करतात. जन्माच्या वेळी 'पास' असं लिहून मिळालं म्हणजे जन्मभराची सोय झाली असं नव्हे. पाणी साठणं किंवा काही प्रकारचा बहिरेपणा नंतर येतो. आमच्याकडे तो 'पास'चा कागद होता, आणि त्याच्याच भरवशावर आम्ही बसलो.

टिंपॅनोमेट्री. पडदा नीट हलतो का ते दाब देऊन बघतात. आमचं पाणी यातच सापडलं. कागदावर डोंगरासारखी रेघ यायला हवी, लेकीची सपाट आली.

बेरा. डोक्याला तारा चिकटवून आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का ते बघतात. मूल गाढ झोपलेलं लागतं. आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा आणि वाटेत झोपू देऊ नका. आम्ही सांगलीहून मिरजेला जाताना ती रिक्षात झोपली, तिथे पोहोचल्यावर टक्क जागी. दिवस वाया. दुसऱ्या खेपेला बायको वाटभर गाणी म्हणत होती आणि मी हलवत होतो.

ही कानाची तपासणी कुणाला जास्त निकडीची आहे तेही सांगतो. जन्मल्यावर काचेत ठेवलेलं बाळ, कावीळ फार वाढलेलं बाळ, मेंदूज्वर होऊन गेलेलं मूल, घराण्यात कुणी लहानपणापासून बहिरं असलेलं. आणि आपल्या भागात मामाची किंवा आत्याची मुलगी करायची रीत अजून आहे, अशा नात्यातल्या लग्नात जन्मजात बहिरेपणाची शक्यता वाढते. यात कुणाला दोष द्यायचा नाही. बाळाचे कान मात्र बोलण्याची वाट न बघता तपासून घ्यायचे. जन्मजात बहिरेपणात पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू असं गणित डॉक्टर सांगतात, ते यासाठीच.

तपासणीत कानात पाणी सापडलं तर घाबरू नका. बऱ्याचदा ते आपोआप ओसरतं, म्हणून डॉक्टर तीन महिने थांबून पुन्हा तपासतात. नाहीच गेलं तर पडद्यात बारीक नळी बसवतात. तोवर आडवं झोपवून बाटलीने दूध पाजणं बंद, आणि घरात विडी-सिगारेट ओढणं बंद. कानात तेल घालणं तर आधी बंद.

५. जायचं कुठे, न्यायचं काय

सगळ्यांत जवळची पायरी म्हणजे अंगणवाडी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. २०१३ पासूनचा हा कार्यक्रम आहे, ० ते १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि वाढीतला उशीर शोधणं हे त्याच्या कामातच धरलेलं आहे. सेविकाताईंना सांगून ठेवा की पथक आलं की आमचं पोर दाखवायचंय. ते चिठ्ठी देतात आणि पुढची तपासणी, उपचार मोफत होतात. जिल्ह्याच्या पातळीवर लवकर हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे कान आणि वाणी तपासणारा माणूस, मानसशास्त्रज्ञ असे एका छताखाली बसतात. सातारा असो की सांगली, सिव्हिलमध्ये बालरोग विभागात याच नावाने चौकशी करा.

पथकाची वाट बघायची नसेल तर सरळ सिव्हिलच्या नाहीतर मिरजेच्या शासकीय रुग्णालयात कान-नाक-घसा विभागाचा केस पेपर काढा. सकाळी लवकर जा. खासगीत जायचं तर बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घेऊन जा.

पिशवीत हे असू द्या:

– जन्मदाखला, मुलाचं आणि आईवडलांचं आधार, रेशनकार्ड. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स
– माता-बाल संरक्षण कार्ड, लसींच्या नोंदींसह
– बाळंतपणाचं आणि बाळ काचेत असेल तर त्याचं डिस्चार्ज कार्ड
– आधीच्या सगळ्या तपासण्यांचे कागद, तारखेच्या क्रमाने
– शब्दांची वही, मोबाईलमधले व्हिडिओ
– खाऊ आणि आवडतं एक खेळणं. रांगेत अडीच तास जातात.

एका ठिकाणी आम्हाला फुकट कान तपासणीच्या नावाखाली बोलावलं आणि अर्ध्या तासात श्रवणयंत्राचं कोटेशन हातात ठेवलं. टिंपॅनोमेट्री केलीच नाही. यंत्र घेतलं असतं तर पाणी ओसरल्यावर ते कपाटात पडलं असतं. विकणारा आणि तपासणारा एकच असेल तर दुसऱ्याकडून कागद वाचून घ्या.

मोठा बहिरेपणा निघाला आणि कॉक्लियर इम्प्लांटची, म्हणजे ऑपरेशन करून कानात यंत्र बसवायची गोष्ट निघाली तर पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी केंद्राच्या एडिप या मदतीच्या योजनेची चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग संस्था आहे, तिथे या कामाची माहिती मिळते. इथे महिने मोजायचे असतात, वर्षं नाही.

६. स्पीच थेरपिस्ट निवडताना

शिक्षण विचारायला लाजू नका. बीएएसएलपी (कान आणि वाणीच्या उपचारांची पदवी) किंवा त्यापुढची पदवी, आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. 'तीन महिन्यांत बोलायला लावतो' अशी हमी देणाऱ्याकडून चहा न घेता उठा.

चांगल्या थेरपिस्टची माझी खूण अशी: तो तुम्हाला बाहेर बसवत नाही. आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला जमिनीवर बसवलं आणि म्हणाल्या, दादा, आठवड्यातला पाऊण तास माझा, बाकी सगळे तास तुमचे. शिकायचंय ते तुम्ही.

दीड-दोन वर्षांच्या मुलांना नजर, हाक, बोट, खेळ यांबद्दल वीसेक प्रश्नांची एक चाळणी विचारतात, एम-चॅट. ती ऑटिझमची शंका ओळखायची असते, निदान नव्हे. नाव ऐकून बिचकू नका, टाळूही नका.

७. घरी रोज काय करायचं

आमच्या घरात सगळे तिची परीक्षा घ्यायचे. हे काय? हा कोण? म्हण बघू! पाहुणे आले की जास्तच. बाईंनी सांगितलं, प्रश्न कमी करा, सांगणं वाढवा. पोळ्या लाटताना, अंघोळ घालताना, चपला घालताना जे चाललंय ते बोलायचं. 'पाणी ओतलं. ढब्ब! गरम आहे. आता साबण.' लहान वाक्यं, तेच शब्द पुन्हा पुन्हा. मराठीत टपटप, ढब्बकन, भुर्र, सुर्रर अशी आवाजांची केवढी दौलत आहे, ती खर्च करा. मुलं आधी तेच उचलतात.

ती 'गाडी' म्हणाली तर तुम्ही 'हो, लाल गाडी आली' म्हणायचं. तिच्यापेक्षा एकदोन शब्दच पुढे.

मग थांबायचं. मनात दहापर्यंत मोजून. मला हे सगळ्यांत जड गेलं. आम्ही दोघं इतके घाईचे की तिने तोंड उघडायच्या आत वाटी पुढे करायचो. आता 'केळं की बिस्कीट?' विचारून दोन्ही हात पुढे करतो आणि गप्प बसतो. मात्र बोलल्याशिवाय द्यायचंच नाही, असा छळ करू नका. बोट दाखवलं तरी द्यायचं, देताना शब्द आपण म्हणायचा.

'भूभू', 'जोजो' हे बाळशब्द चालतात. 'लाजा' म्हटलं की आपणही 'लाजा' म्हणायचं नाही. 'हो, राजा' म्हणून पुढे जायचं.

मोबाईलचं सांगायचं तर भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२१ मध्ये सांगितलंय: दोन वर्षांच्या आत पडदा नको, दूरच्या नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वर्षांत फार तर एक तास, तोही सोबत बसून. आम्ही भरवताना लावायचो. बंद केल्यावर चार दिवस घरात रणकंदन झालं, पाचव्या दिवशी ती भातातल्या मोहरीकडे बोट दाखवायला लागली.

८. घरातले सल्ले

'जीभ जड आहे, वेखंड उगाळून लावा.' नको. तसंच वर्षाच्या आत मध चाटवू नका, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला लकव्यासारखा गंभीर आजार होऊ शकतो.

'जीभ खाली चिकटलीय, कापून घ्या.' चिकटलेल्या जिभेने एखादं अक्षर अडेल. शब्दच न येण्याचं कारण ती सहसा नसते.

'आमचा पण उशिरा बोलला.' उशिरा बोलणारी बरीचशी मुलं पुढे गाठतातही. पण कोणतं गाठणार आणि कोणतं नाही हे आधी ओळखता येत नाही. माझ्या आईचं म्हणणं खरंच होतं, मी उशिरा बोललो. फक्त माझे कान कुणी तपासले नव्हते.

९. बोबडेपणा आणि अडखळणं

प, ब, म, त, न लवकर येतात. काकाचा 'ताता' साडेतीन वर्षांपर्यंत चालतो. स, श, र, ळ, ण मागाहून. चार वर्षांच्या पोराने 'बाळ' ऐवजी 'बाल' म्हटलं म्हणून थेरपीला पळू नका.

अडीच ते चारच्या दरम्यान बरीच मुलं 'मी-मी-मी' करत अडखळतात. विचार पुढे पळतो, तोंड मागे राहतं. 'नीट बोल', 'हळू बोल' म्हणू नका, वाक्य तुम्ही पुरं करू नका, तिच्याकडे बघून ऐका. सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकलं, आवाज अडकून चेहरा ताणला जायला लागला किंवा घरात कुणाला मोठेपणीही अडखळायची सवय असेल तर दाखवा.

आमची लेक आता साडेचारची आहे. कानातलं पाणी नळी न घालताच गेलं, पण पुढच्या पावसाळ्यात सर्दीबरोबर परत आलं होतं. ते आम्हाला आधी कळलं वहीतून नाही, टीव्हीचा आवाज वाढवायला लागली त्यातून. तेव्हापासून दर श्रावणात एकदा टिंपॅनोमेट्री करून येतो, आणि बालवाडीच्या बाईंना सांगून ठेवलंय की तिला पुढच्या ओळीत बसवा.